चर्चची मुलांची फुटबॉल लीग: कोचिंग तीन स्टार, बाकीचं वाचा

पोरगी नऊ वर्षांची, चर्चने चालवलेल्या मुलांच्या लीगमध्ये आठ शनिवार खेळली आणि मी आठही शनिवार लाइनीबाहेर उभा, म्हणून हा रिव्ह्यू. नाव देत नाही, माणसं चांगली आहेत आणि खाली थोडी कुरकुर आहे.

कोचिंग ठीकठाक. पास द्यायला नीट शिकवतात, ऑफसाइडच्या भानगडीत पडत नाहीत ते या वयाला बरंच आहे, पण बॉल कमी त्यामुळे निम्मा वेळ पोरं रांगेत.

हाफटाइमला पाच मिनिटं बायबलवर बोलतात, ते मला नाही झेपलं. येशू आपला कोच, सैतान समोरची टीम, वगैरे, आणि मुलं गवत उपटत बसलेली. एकदा पहिलं करिंथ 9:24 घेतलं (बायबलमधलं, येशूचा प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र), धावतात सगळे पण बक्षीस एकालाच, आणि वर सांगितलं की देवाला जिंकणारे आवडतात!! अहो पुढची ओळ तरी वाचा, 25 मध्ये पौल तोच मुकुट नाशवंत म्हणतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ व्हायचे, जिंकणाऱ्याला पाल्याचा मुकुट मिळायचा, सुकून जाणाराच, म्हणजे वाचणाऱ्यांना लगेच कळलं असणार पौल काय म्हणतोय ते. आमच्या मेडलचा सोनेरी रंग तिसऱ्याच दिवशी हाताला लागला, त्या पाच मिनिटांपेक्षा तेच जास्त पटलं.

आता खरी गोष्ट. यांचा नियम आहे की प्रत्येक मुलाला सारखाच वेळ मैदानात, प्रॅक्टिसला आला असो वा नसो. पाचव्या शनिवारी स्कोअर 1-1, शेवटची दहा मिनिटं आणि माझ्या पोरीला बाहेर काढून आत घेतलं कोणाला, तर एकाही प्रॅक्टिसला न दिसलेल्या मुलाला, बुटाची लेस पण सुटलेली. मी तडक कोचकडे, म्हटलं सर ती एकही प्रॅक्टिस चुकवत नाही हो. ते म्हणाले, "माहितीये. तिची वीस मिनिटं झाली." बस, एवढंच.

आम्ही 2-1 ने हरलो. परत येताना डोक्यात बायबलमधल्या मत्तय 20 मधला, येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, तासभर काम केलेल्याला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी, आणि सकाळपासून राबलेले त्यावर कुरकुर करतात. संडे स्कूलपासून ऐकतोय आणि दरवेळी मी स्वतःला त्या उशिरा आलेल्या मजुरांत धरायचो, कृपा मिळालेला बिचारा वगैरे. त्या दिवशी कळलं की मी सकाळपासूनच्या कुरकुऱ्यांपैकी आहे. आणि गंमत म्हणजे राबली होती पोरगी, मी नुसता उभा होतो.

गाडीत मी गप्प. तिने विचारलं, "पप्पा, तू चिडलायस? मी चांगली खेळले नाही का?" ह्याला काय उत्तर देणार. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी बापाने, म्हणजे देवाने, तू माझा लाडका म्हटलं तेव्हा त्याचा एकही चमत्कार झाला नव्हता, आणि मी शाब्बास म्हणायला गोलची वाट बघतो. सहाव्या शनिवारपासून तोंड बंद ठेवायचा प्रयत्न केला, सातव्याला परत ओरडलोच.

तर वेळेचा नियम पाच स्टार, हाफटाइम दोन, बॉल आणा अजून. पुढच्या सीझनला नाव घातलंय. पालकांची लाइन तेवढी दहा पावलं मागे आखा, माझ्यासाठी तर नक्की.