पहिली रीफ टाकी आणि १/१० हॉर्सपॉवरचा चिलर: जळगाव-भुसावळच्या हवेत कितपत कामाचा?

१०० लिटरच्या रीफ टाकीचा (खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ ठेवायच्या टाकीचा) हिशेब मांडायला बसलं की दुकानदार पहिल्यांदा चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, गळ्यात मारतो आणि नाव सांगतो मे महिन्याचं. पण खानदेशात मे बराचसा पंख्यावर निघतो. चिलरची खरी गरज लागते मृग लागल्यानंतर.

प्रवाळाला पाणी २५-२६ अंशांवर हवं. २९-३० वर काही दिवस राहिलं की रंग उडायला लागतो. भुसावळात बाहेर ४४ अंश असलं तरी हवा कोरडीठाक असते. झाकण काढून पाण्यावर तिरका पंखा सोडला, तर उडून जाणारं एक लिटर पाणी १०० लिटरचं तापमान कागदावर तरी साडेपाच अंशांनी उतरवेल एवढी उष्णता घेऊन जातं. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर मात्र हवा दमट होऊन पंख्याचा जोर ओसरतो. आणि जूनअखेर पाऊस दडी मारून उकाडा दाटला की पंखा नुसता फिरत राहतो. तिथे चिलर हवा.

घेताना आतली कॉइल टायटॅनियमचीच आहे ना, हे आधी विचारा. खाऱ्या पाण्यात तांबं उतरलं की आधी कोळंब्या-गोगलगायी मरतात, मग प्रवाळ. ‘मिनी चिलर’ म्हणून मिळणारी पेल्टिअरची (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या पट्टीने गार करणारी) डबी १०० लिटरला पुरत नाही. पैसे पाण्यात गेले समजा.

१/१० चं यंत्र या टाकीला पुरतं, पण ते कॅबिनेटमध्ये कोंडायचं नाही. मागून फेकलेली गरम हवाच ते पुन्हा ओढतं, मग कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. जाळीवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर बसतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ब्रशने झाडा. सेटिंग २६, फरक (पाणी किती अंश चढल्यावर चिलर पुन्हा सुरू व्हायचा तो) १ अंश. फरक याहून कमी ठेवला तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. डिस्प्लेवर भरवसा नको, काचेचा थर्मामीटर टाकीत असू द्या.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) ठेवा, चिलर नको. कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा करंट ओढतो. शिवाय पाणी हलायचं थांबलं तर मासे उष्णतेआधी ऑक्सिजनअभावी जातात.

पंखा वापरणार असाल तर एटीओ (उडालेल्या पाण्याची आपोआप भर घालणारं यंत्र) हवाच. पाणी उडतं, मीठ मागे राहतं: ३ लिटर कमी झालं की क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ) ३५ वरून ३६ च्या पुढे जाते. भर गोड्या पाण्याचीच घालायची, तीही आरओ-डीआयमधून (विरघळलेले क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरमधून) शून्य टीडीएसची, म्हणजे क्षार अजिबात न उरलेली. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, त्यात टीडीएस मुद्दाम वाढवलेला असतो. भरपाईचं भांडं १० लिटरच्या वर नको. सेन्सरवर गोगलगाय चढून बसली की एटीओ पाणी ओतत राहतो. भांडं छोटं असेल तर निदान ३५ चं ३२ च्या आसपास थांबतं.

म्हणून खरेदीचा क्रम: आरओ-डीआय, पंखा, एटीओ, आणि मृगाच्या आत चिलर. चिलरला ५ पैकी साडेतीन गुण. टाकी झोपायच्या खोलीत असेल तर तीनच, कारण रात्री कॉम्प्रेसर थांबताना अख्खं यंत्र थरथरतं. खाली रबरी पट्टी घातली की बरंच कमी होतं.