यामाहा आर१५ व्ही३ बाईक घरीच सांभाळतोय, नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा १८ हजार किलोमीटर झाले होते, आता २५ हजार. बीएस६ मॉडेल, १५५ सीसी, लिक्विड कूल्ड. ७४०० आरपीएमला व्हीव्हीए (इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) उघडला की गाडी जी सुटते त्यासाठीच घेतली होती. पहिल्या दोन सर्व्हिसिंग बाहेर केल्या, दोन्ही वेळा चेनवर नुसतं वरून तेल मारून गाडी परत, ताण होता तसाच सैल. तेव्हाच ठरवलं की आता आपणच करायचं. कोल्हापुरात घराखाली पत्र्याची शेड आहे, तेवढी जागा भरपूर झाली.

पहिली खरेदी पॅडॉक स्टँडची (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड), आणि आजही कोणी विचारलं तर हेच सांगतो की स्टिकर, लिव्हर, सायलेन्सर सगळं राहू दे भावा, आधी स्टँड घे. मागचं चाक हवेत आलं की चेनचं काम अर्ध्या तासाचं होतं. गाडी न्यूट्रलला ठेवून चाक हातानेच फिरवायचं, इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे बघितलेत, त्यात बोटं स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) जातात, ते कधीच करू नका. क्लीनर नसेल तर रॉकेल किंवा डिझेल चालतं, पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग कडक होऊन फुटतात. ल्यूब मारायचं ते चेनच्या आतल्या बाजूने आणि राइडवरून आल्यावर चेन कोमट असताना, रात्रभर राहिलं की उडत नाही. मी साधारण ५०० किलोमीटरला करतो, पावसाळ्यात त्याच्या आधीच, कारण गगनबावड्याच्या बाजूला एकदा जाऊन आलं की लाल चिखल चेनमध्ये घट्ट बसलेला असतो.

असंच एकदा चाक फिरवताना लक्षात आलं की चेन एका जागी आली की ताठ होते आणि पुढे परत लोंबते. म्हणजे काही लिंक ताणल्या गेल्यात, कितीही अ‍ॅडजस्ट केली तरी ती नीट बसणार नव्हती. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलले, नुसती चेन बदलली तर जुने दाते नव्या चेनला खातात.

ऑइल बदलताना मात्र माझं नुकसान झालं. ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) अंदाजाने आवळला, अजून थोडा, अजून थोडा करत, आणि अचानक पाना हलका फिरायला लागला. बोल्ट स्टीलचा, खालचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले. गाडी ढकलत उद्यमनगरला एका लेथवाल्या काकांकडे नेली, त्यांनी आटे मोठे पाडून हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्टीलची स्प्रिंग) बसवून दिली, आजपर्यंत एक थेंब गळालेला नाही. दुसऱ्या दिवशी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) घेतला. मॅन्युअलात प्रत्येक बोल्टचा आकडा दिलेला असतो, तेवढाच लावायचा, आणि ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवा. ऑइल घेताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) बघा, कारचं ऑइल टाकलं तर क्लच स्लिप होतो कारण आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

मॉडिफिकेशनचं सांगतो. रेडिएटर गार्ड लावला, चांगला आहे, खडे लागून फिन वाकायच्या त्या थांबल्या. टेल टायडी (मागच्या लांब मडगार्डऐवजी नंबर प्लेटची आखूड पट्टी) उन्हाळ्यात लावली, जूनमध्ये काढली, पाठीपर्यंत चिखल उडायला लागला म्हणून. सायलेन्सर कंपनीचाच ठेवलाय आणि ठेवणार, आवाजाचे नियम आहेत, आणि रात्री गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास देऊन मला काय मिळणार.

लिव्हर मात्र सगळ्यांनी नीट वाचा. ऑनलाइन ब्रेक-क्लचचे स्वस्तातले अ‍ॅडजस्टेबल लिव्हर घेतले, दिसायला एक नंबर. पन्हाळ्यावरून उतरताना गाडी ओढतेय असं वाटायला लागलं, खाली थांबलो तर पुढच्या डिस्कमधून धग येत होती आणि गाडी ढकलताना पुढचं चाक अडत होतं. गाडी पार गार होईपर्यंत तिथेच बसून राहिलो आणि मग हळूहळू घरी आणली. घरी लिव्हर काढून जुन्याशेजारी ठेवला तेव्हा कळलं, मास्टर सिलिंडरचा (हँडलवरचा ब्रेक फ्लुइड दाबणारा भाग) पिस्टन ढकलणारा उंचवटा नव्यात थोडा जास्त पुढे होता. लिव्हर सोडला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, त्यामुळे फ्लुइड कॅलिपरमध्ये (चाकाजवळ डिस्क पकडणारा भाग) अडकून राहायचं, मग तापून फुगायचं आणि ब्रेक अजून घट्ट. घाटात चाक जाम झालं असतं तर काय झालं असतं हा विचार आजही येतो. त्याच संध्याकाळी कंपनीचे लिव्हर परत लावले. कोणताही लिव्हर लावला की सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल आहे का ते बोटाने बघा, नसेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका.

कूलंट आणि ब्रेक फ्लुइड अजून घरी केलं नाहीये. ब्रेक फ्लुइड पेंटवर सांडलं तर पेंट उचलतं आणि ब्लीड करताना (लाइनमधली हवा काढताना) लिव्हर दाबायला दुसरा माणूस लागतो, धाकटा भाऊ दिवाळीच्या सुट्टीत घरी आला की दोघं मिळून करणार आहोत.