काळी चारची पांढरी चार झाली, तेव्हा कळलं

टेप मशीनच्या दुरुस्तीवाल्याने केलेली ही चोरी आईच्या कानामुळे पकडली गेली. नाहीतर त्या माणसाचा नंबर मी आजही दहा जणांना देत बसलो असतो.

सांगलीच्या घरी आजोबांचं अकाईचं स्पूल मशीन, म्हणजे मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेली टेप वाजवणारं जुनं मशीन होतं, आणि 43 स्पूल. सत्तरच्या दशकात माडीवर गाण्याच्या बैठका व्हायच्या, त्या सगळ्या त्यांनी टेप करून ठेवल्या. दर खोक्यावर त्यांच्या बारीक अक्षरात राग, तारीख, तबल्याला कोण आणि गाणाऱ्याचा स्वर, म्हणजे षड्ज पेटीच्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्यावर ते. घर विकलं तेव्हा ते सगळं पुण्याला आणलं. मशीन चाललं, पण आवाज गोधडीत गुंडाळून आल्यासारखा. तंबोऱ्याची जवारी, तो झणझणीत गुंजारव, तर गायबच.

ओळखीतून एक दुरुस्तीवाला मिळाला. गोड बोलणारा, ‘साहेब, साहेब’ करणारा. घरी आला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटसारख्या कशात तरी बुडवला, हेडवरून, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून फिरवला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. कापूस चॉकलेटी झाला होता. ‘‘बघा साहेब, हेड झिजतंय. हा त्याचाच भुगा.’’

मी घाबरलो. आता कळतं की तो मळ हेडचा नव्हताच. टेपच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो, गंजाच्याच रंगाचा. तो सुटून हेडवर बसतो, पट्टी हेडपासून केसभर लांब राहते आणि वरच्या सुरांचा बारीक आवाज मरतो. म्हणजे त्या गृहस्थाने माझ्यादेखत हेड साफ करून दिलं होतं! ‘‘आता एक स्पूल लावून दाखवा,’’ एवढंच मी म्हणालो असतो तर कापसाच्या चार काड्यांत काम संपलं असतं. शिवाय मशीनवर ठळक ‘जीएक्स’ लिहिलेलं. काचेत बसवलेल्या फेराइट या कडक चुंबकीय पदार्थाची ही हेड सहजी झिजत नाहीत म्हणूनच तर नावाजलेली. पण हे वाचायचं शहाणपण पैसे देऊन झाल्यावर आलं.

हेड घासून देणं, डिमॅग्नेटायझिंग (हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणं), ऑइलिंग, सगळं मिळून 16,500 रुपये. पाच आठवड्यांनी मशीन लखलखीत होऊन आलं. आवाज मोकळा झाला होता. मी खूश होऊन रिक्षाचे पैसेसुद्धा वर दिले.

दिवाळीत आई आली. तिला मी मोठ्या हौसेने एका बाईंचा मारवा लावला. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, जरा जास्तच विलंबित वाटत होतं, पण मला ते भारदस्त वाटलं. आई दोन मिनिटं ऐकून म्हणाली, ‘‘अरे, ह्या काळी चारला गायच्या. हा कुणाचा आवाज लावलायस?’’ पेटी काढली, षड्ज शोधला. पांढरी चार, म्हणजे काळी चारपेक्षा तीन सूर खाली. खोक्यावर आजोबांच्या हातचं: काळी 4.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. ‘‘साहेब, जुन्या टेपा आहेत, ताणल्या जातात, स्वर उतरतो.’’ एखादी ताणली गेली असेल, मान्य. पण आम्ही सात-आठ स्पूल लावून पाहिले. सगळे मोजून तीन-तीन सुरांनीच कसे ताणले जातील?

आमच्या सोसायटीत आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर काका आहेत. त्यांनी मशीन उघडण्याआधी शिवणकामाची टेप मागितली. स्पूलच्या एका कोऱ्या पट्टीवर 571 सेंटिमीटर अंतराने पांढऱ्या खुणा केल्या. सेकंदाला 19 सेंटिमीटरच्या वेगाने हे अंतर 30 सेकंदांत जायला हवं. घड्याळात 36 आले. काका हसले. ‘‘साठ सायकलची पुली घातलीय रे कुणीतरी.’’

या मशीनच्या मोटरचा वेग विजेच्या सायकलवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर ठरतो. आपल्याकडे 50, अमेरिकेत 60. जपानात तर अर्ध्या देशात 50 आणि अर्ध्यात 60. म्हणून मोटरच्या दांड्यावरची पुली त्या त्या देशाप्रमाणे लहानमोठी येते. आमची 50 ची होती. अमेरिकेतून आणलेलं कुणाचं तरी मशीन इथे संथ चालत असणार, दुरुस्तीवाल्याने त्याला आमची पुली बसवली आणि त्याची आमच्या माथी मारली. अंगठ्याच्या पेराएवढा पितळेचा तुकडा. मूळ सुटा भाग सहजी मिळत नाही, त्यामुळे त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून किती उकळले असतील याचा हिशेब मी करत नाही.

‘‘हीच होती आधीपासून,’’ यावर तो ठाम राहिला. माझ्याकडे आतला एकही फोटो नव्हता. पुरावा काय, तर आईचा कान आणि आजोबांचं अक्षर. हे घेऊन पोलिसांत जायला धीर झाला नाही.

शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून पुली करून घेतली. आहे त्या पुलीचा व्यास व्हर्नियरने मोजायचा आणि 1.2 ने गुणायचं, एवढंच गणित. पहिली किंचित मोठी झाली, साडेएकोणतीस सेकंद आले. दुसरी बरोबर बसली. दोन्ही मिळून 900 रुपये.

आता सफाई मीच करतो. बुधवार पेठेतून 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये पाणी असतं, ते चालत नाही. हेड, गाइड (टेपला वाट दाखवणारे खांब) आणि टेप ओढणारा कॅप्स्टनचा दांडा आयसोप्रोपिलने पुसायचा. रबरी रोलरला मात्र सौम्य साबणाचं पाणी, आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय टेप लावायची नाही. तेलाचा थेंब त्या बाजूला नको. डिमॅग्नेटायझर वापरताना मशीन बंद, स्पूल दुसऱ्या खोलीत. तो हातभर लांबून चालू करायचा, हळूहळू जवळ न्यायचा, तसाच लांब आणून मग बंद करायचा. हेडजवळच बंद केला तर उलट हेडच चुंबक होऊन बसतं.

दुरुस्तीला द्यावंच लागलं, तर झाकण काढून आतले फोटो काढा, पुलीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि खुणांची पट्टी लावून सेकंद मोजून ठेवा. परत आल्यावर पैसे देण्याआधी पुन्हा मोजा. बदललेला प्रत्येक जुना भाग हातात मागा. माणूस कितीही गोड बोलला तरी.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: ‘साहेब, वर्ष झालं, सर्व्हिसिंग करून घ्या.’ निळ्या टिका तेवढ्या पडू दिल्या.