सेकंडहँड पोकलेन, दहा महिने आणि वहीतला तेलाचा रकाना

मागच्या दिवाळीनंतर आम्ही वीस टनी सेकंडहँड पोकलेन घेतली. यंदा गणपती बसले तेव्हा तिला आमच्याकडं दहा महिने होत आले होते आणि अवर मीटरवर आमचे १,३४० तास चढले होते. मशीन कुठल्या कंपनीची, कुणाकडून घेतली हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही जुन्या मशीनला लागू आहे. धाकटा भाऊ मशीन बघतो, ऑपरेटर या धंद्यात मुरलेला आहे, आणि डिझेल, ऑइल, भाडं यांची वही माझ्याकडं असते. काम सगळं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीच्या आसपास. विहिरी, शेततळी, ओढ्यांचं खोलीकरण, उन्हाळ्यात पाझर तलावातला गाळ.

ताकदीबद्दल तक्रार नाही. मुरूम सहज निघतो, काळ्या दगडालाच ब्रेकर लावावा लागतो. डिझेल तासाला १३ लिटरच्या आगेमागे. इंजिननं एकदाही दगा दिला नाही. लिहायचंय ते तेलाबद्दल.

आम्ही बघायला गेलो तेव्हा मशीन धुऊन, रंग मारून उभी होती. सकाळची वेळ, थंडीचे दिवस. दहा मिनिटं चालवून दाखवली, कुठं थेंब दिसला नाही, आम्ही खूश. थंड तेल घट्ट असतं, ते सीलमधून लवकर पाझरत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. तेच तेल दोन तास काम करून तापलं की पातळ होतं आणि मग मशीन खरं बोलायला लागते. आज घ्यायची झाली तर मी आधी तासभर राबवून घेईन, सपाट जागेवर उभी करून खाली कोरे पुठ्ठे पसरीन आणि चहा पिऊन येईन. आल्यावर पुठ्ठे बघायचे. इंजिन बंद करून, बकेट जमिनीला टेकवून सिलेंडरच्या रॉडवरून नख फिरवायचं. ओरखडा नखाला लागला तर नवं सील घालूनही फार दिवस टिकणार नाही, रॉडच ते कापत राहणार. नवा रंग दिसला की तिथं जास्त वेळ थांबायचं.

पहिल्या तीन महिन्यांत वहीत ९४ लिटर हायड्रॉलिक ऑइल लागलं, म्हणजे ज्याच्या दाबावर मशीनचा हात हलतो ते तेल. बदललेलं नाही, नुसतं वरून टाकलेलं. भावाला विचारलं तर म्हणाला, "आक्का, मशीन हाय ती, गळणारच. तेल टाकायचं आन् काम वढायचं." ऑपरेटरचंही तेच म्हणणं. माझा प्रश्न एकच होता, हे तेल गेलं कुठं? इंजिन ऑइल थोडंफार जळतं तरी. हायड्रॉलिक ऑइल जळत नाही. ते बंद पाईपांतून फिरून परत टाकीत यायचं असतं. टाकीत कमी झालं म्हणजे ते कुणाच्या तरी रानात, विहिरीत नाहीतर ओढ्यात पडलंय.

एका रात्री सुई काढलेल्या सिरिंजनं मी ऑइलचे थेंब मोजले. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर भरला. सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला १८० मिलिलिटर, आठ तासांत जवळपास दीड लिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांत ३६ लिटर. म्हणजे आमचे ९४ लिटर घालवायला सेकंदाला एक थेंबसुद्धा लागत नव्हता. बघणारा म्हणणार, काय नाही, जरा पाझरतंय.

गळती तीन ठिकाणी निघाली. बूमच्या, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताच्या, एका सिलेंडरचं सील, खालचा सेंटर जॉइंट, म्हणजे वरच्या फिरत्या भागातून खालच्या चेनकडं तेल नेणारा जोड, आणि आर्मवरचा, म्हणजे बूमच्या पुढच्या हातावरचा, एक पाईप. पाईपचं कारण बघण्यासारखं होतं. होज पाईपवर लांबीच्या दिशेनं छापील रेघ असते. ती सरळ दिसली पाहिजे. आमच्या पाईपवर ती दोरीच्या पिळासारखी गेली होती. आधीच्या कुणीतरी नट आवळताना पाईपच पिळून बसवला होता, आणि प्रत्येक दाबाला तो पीळ सुटायला बघायचा. जोडापाशी ओल दिसली की पान्हा घेऊन आणखी आवळायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. जोडातली रबरी ओ-रिंग खराब असेल तर आवळून उपयोग होत नाही, उलट बसायची जागा खराब होते. दहा-वीस रुपयांची रिंग बदलायची असते.

हे सगळं फेब्रुवारीत कळलं होतं, पण फेब्रुवारी ते मे म्हणजे आमचा सीझन. मशीन एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं. सिलेंडरचं सील तेवढं बदललं आणि बाकीचं पावसाळ्यावर टाकलं. हा निर्णय भावाचा एकट्याचा नव्हता, वहीत हिशेब करून मीच हो म्हटलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मलवडीच्या बाजूला ओढ्याचं खोलीकरण चालू असताना तोच पाईप फुटला. या आकाराच्या मशीनचे पंप पूर्ण जोरात असले की मिनिटाला चारशे लिटरच्या घरात तेल ढकलतात. त्यामुळं पाईप फुटल्यावर ऑपरेटरचा हात किती सेकंदांत किल्लीवर जातो, यावर सगळं असतं. आमच्या ऑपरेटरनं आधी मान वळवून कुठं फुटलाय ते बघितलं, मग बंद केली. वहीत त्या दिवशी २२ लिटरची भर आहे. सांडलेल्या तेलावर दोन बकेट मुरूम ओढला, दुसऱ्या दिवशी नवा पाईप बसला, काम पूर्ण झालं, पैसेही वेळेत मिळाले.

मृगाचा पाऊस झाला आणि त्या ओढ्यात पाणी थांबलं. चार दिवसांनी, ज्यांच्या रानाकडेला ते काम झालं होतं ते अण्णा घरी आले. हातात दुधाची किटली. मला वाटलं दूध आणलंय. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं. आत ओढ्याचं गढूळ पाणी, वर निळा-जांभळा तवंग, किटली हलली की तो फाटायचा आणि पुन्हा जुळायचा. मी चहा टाकला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हशीनं तोंड लावलं आन् मागं सरली, पोरी. तान्हेली हुती, तरी मागं सरली." पैशाचं नाव काढलं नाही, आवाज चढवला नाही. ते गेल्यावर मी पाण्यात बोट बुडवलं. साबणानं दोनदा धुतलं तरी वास जात नव्हता.

त्या आठवड्यात मी नियम वाचायला घेतले. तोवर माझीही समजूत होती की प्रदूषणाचे नियम साखर कारखान्यांना आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांना असतात. १९७४ च्या पाणी कायद्यात प्रवाह कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. त्यात नदी आहे, जमिनीखालचं पाणी आहे, आणि ओढाही आहे, तो वाहता असो किंवा सध्या कोरडा असो. अशा प्रवाहात किंवा विहिरीत जाणूनबुजून घाण जाऊ द्यायची नाही, असं कलम २४ सांगतं. "सध्या कोरडा" हे शब्द मी कितीदा तरी वाचले. आमचे ओढे वर्षातले बहुतेक महिने कोरडेच असतात, म्हणून तर आम्ही ते खोल करतो. पाईप फुटला तेव्हा तिथं पाणी कुठं होतं, असं भाऊ म्हणत होता. कायद्यानं त्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

दुसरा आकडा आहे कारखान्याच्या सांडपाण्याचा. शुद्ध करून नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. एक लिटर हायड्रॉलिक ऑइलचं वजन साधारण ८७० ग्रॅम. भागाकार केला तर ८७ हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला एक लिटर तेल पुरतं. आमच्याकडं पाणी टँकरनं मोजतात, म्हणून दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये सांगते. जवळपास नऊ टँकर. आणि ही मर्यादा सांडपाण्याची, पिण्याच्या पाण्याची नाही. २२ लिटरचा हिशेब मी भावासमोर वहीत मांडला, १९० च्या वर टँकर झाले. तो काही बोलला नाही, पण सेंटर जॉइंटचं काम त्यानं त्याच आठवड्यात करून घेतलं.

ओढ्यातला तवंग काढायला आम्ही गादीवाल्याकडून सरकीचा, न धुतलेला कापूस आणला. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, तो पाणी लवकर घेत नाही आणि तेल मात्र धरतो. जुन्या सुती साडीची लांब पिशवी शिवून त्यात कापूस भरला आणि दोघांनी दोन काठांवरून ती पाण्यावरून हळूहळू ओढत नेली. तीन फेऱ्यांत वरचा तवंग बराचसा आला. पाणी मुरल्यावर मेमध्ये झाकलेला मुरूम उकरून पोत्यांत भरला. सहा पोती झाली. सांडल्या सांडल्या हेच केलं असतं तर दोन पोत्यांत भागलं असतं. वरून माती ओढली की तेल दिसत नाही एवढंच.

आता मशीनबरोबर कापसाच्या दोन पिशव्या, रिकामी पोती, फावडं आणि बॅरल उभं कापून केलेला ट्रे कायम असतो. रात्री मशीन उभी केली की सेंटर जॉइंटखाली ट्रे जातो. ट्रेचा एक तोटा आहे. पावसात तो पाण्यानं भरतो, तेल वर तरंगतं आणि काठावरून तेच आधी बाहेर जातं. त्यामुळं ढग दिसले की आधी ट्रे रिकामा करावा लागतो, आणि हे विसरायला होतं. आमच्याकडून दोनदा झालंय.

सकाळी पंधरा मिनिटं पाईप बघण्यात जातात. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. बारीक गळती हातानं चाचपून कधीही शोधू नका. मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते, या मशीनच्या पाईपांत ३४० बारपर्यंत दाब जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेलं तेल कातडीच्या आत शिरतं. वरून मुंगी चावल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि आतून हात सडायला लागतो. अशा वेळी मलम लावून वाट बघायची नसते, त्याच तासाला ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं असतं. पाईपाजवळ पुठ्ठा धरा, तेल असेल तर त्यावर उमटतं.

ऑपरेटरला कलम सांगून काही फरक पडला नाही. "वीस वर्षं मशीन चालवतोय, कुणी विचारायला आलं नाय," असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. मग मी वही त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, आधीच्या तिमाहीपेक्षा जेवढं ऑइल वाचेल त्याचे निम्मे पैसे तुमचे. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत वरून टाकलेलं ऑइल ११ लिटर. पावसाळ्यात काम कमी असतं, ते धरूनही हा फरक मोठा आहे. आता पाईपचा आवाज बदलला तरी तो आधी किल्ली फिरवतो.

इंजिनच्या जळक्या ऑइलचं मात्र वेगळं आहे. ते मागायला माणसं दारात येतात. कुणाला सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला, कुणाला कुंपणाच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून, कुणाला अंगणातली धूळ बसवायला. पूर्वी आम्ही कॅन भरून देत होतो आणि लोक दुवा देत. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं आणि ते मान्यता असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडंच जायला हवं. त्यात इंजिनच्या झिजेचे धातू उतरलेले असतात. आता ते बॅरलमध्ये साठवून सर्व्हिसच्या वर्कशॉपला पावती घेऊन देतो. शेजाऱ्यांना नाही म्हणणं जड जातं. आमच्याच जिल्ह्यातल्या वेळू गावानं २०१६ साली पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांची पाणी अडवायची स्पर्धा, जिंकला, त्यानंतर आमच्या भागातही बायाबापड्यांनी पहाटे उठून चर खोदलेत. त्या चरांच्या कडेला जळकं ऑइल ओतू नका, हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार, असं वाटतं.

नियमाबद्दल माझी एक तक्रारही आहे. साठवण नव्वद दिवसांच्या वर नको, असं नियम सांगतो, ते बरोबर आहे. पण एक मशीनवाल्यानं सहा पोती मुरूम न्यायचा कुठं? दोन ठिकाणी फोन केले, एवढ्याशा मालासाठी गाडी येत नाही म्हणाले. तालुक्याला एक जागा करून द्या, आम्ही स्वतः नेऊन देऊ. शेवटी त्याच वर्कशॉपनं त्यांच्या तेलकट कचऱ्याबरोबर पोती पाठवायचं कबूल केलंय. तोवर ती शेडमध्ये कोब्यावर, ताडपत्रीखाली आहेत.

गौरी जेवल्यावर अण्णांकडं जाऊन आले. ओढ्याला पाणी आहे, वर तवंग नाही, मी ओंजळीत घेऊन वास घेतला. म्हैस पाणी पिते. पण अण्णा तिला अजून आम्ही खणलेल्या जागेवर आणत नाहीत, दोनशे पावलं वरच्या अंगाला नेतात.