हॅचरीची वही फोनवर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्याला दोन सेटिंग (उबवायला अंडी लावणं), चार-पाच ब्रीडर फार्मवरून, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मवरून, येणारी अंडी आणि करार पद्धतीच्या शेडना जाणारी पिल्लं, एवढ्या व्यापाच्या ब्रॉयलर हॅचरीत, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांची पिल्लं काढणाऱ्या केंद्रात, नोंदी फोनवर ठेवायची ही पद्धत अकरा महिने चालली आहे. साहित्य साधं आहे: सगळ्यांना उघडता येणारी ऑनलाइन स्प्रेडशीट, फोनवरून भरायचा फॉर्म, प्रत्येक ट्रॉलीला क्यूआर टॅग, आणि मशीनमध्ये व पिल्लांच्या गाडीत तापमान नोंदवणारे लॉगर. मोठं सॉफ्टवेअर घेण्याआधी हे वर्षभर चालवून बघावं, असं स्पष्ट मत आहे. कारण अडचण सॉफ्टवेअरची नसतेच, ती लॉटची असते.

लॉट म्हणजे फार्म, शेड, फ्लॉकचं (कोंबड्यांच्या कळपाचं) वय आणि अंडी घातल्याची तारीख एकच असलेली अंडी. जुन्या वहीत नोंद सेटरच्या, म्हणजे पहिले अठरा दिवस अंडी उबवणाऱ्या मशीनच्या, नावाने व्हायची: सेटर तीन, इतकी अंडी, इतकी पिल्लं, ८२ टक्के. त्या ८२ मध्ये २६ आठवड्यांच्या फ्लॉकची लहान अंडी ७४ वर आणि ३६ आठवड्यांची ८८ वर असू शकतात आणि कुणालाच पत्ता लागत नाही. नोंद ट्रॉलीनिहाय सुरू केली की पहिल्या महिन्यातच हा फरक दिसतो.

एका ट्रॉलीचा हिशेब बघा. १५० अंड्यांचे ३२ ट्रे, म्हणजे ४,८०० अंडी. त्यात ३३६ निष्फळ निघाली, पिल्लं ३,९३६ आली. लावलेल्या अंड्यांवर ८२ टक्के, पण फलित ४,४६४ वर ८८.२ टक्के. पहिला आकडा घसरला आणि दुसरा जागेवर असेल, तर मशीनला दोष देऊ नका, ब्रीडर शेडमधल्या नरांकडे बघा. दोन्ही घसरले तर आधी साठवण आणि मशीन तपासा. शीटमध्ये हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवा, एवढ्याने निम्मे वाद मिटतात. मात्र निष्फळांचा आकडा अंडी फोडून मोजलेला हवा. दिव्याखाली निष्फळ आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलेलं अंडं सारखंच उजळ दिसतं. फोडल्यावर रक्ताची कडी दिसली तर ते फलित होतं.

वजनघटीची नोंद सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त चुकणारी. १८ दिवसांत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्के घटायला हवं. रिकामा ट्रे दीड किलो, अंड्यांसह १०.५ किलो, अठराव्या दिवशी ९.४२ किलो. घट १.०८ किलो, आणि ती ९ किलोवर काढायची, १२ टक्के. तीच घट १०.५ वर काढली की १०.३ येते आणि चांगल्या चाललेल्या मशीनची आर्द्रता कुणीतरी कमी करून ठेवतो. फॉर्ममध्ये रिकाम्या ट्रेचं वजन भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, अशी अट घाला. आणि वजन कँडलिंगच्या, म्हणजे अंडी दिव्यावर तपासण्याच्या, आधी करा. निष्फळ अंडी काढून टाकलेला ट्रे काट्यावर ठेवला तर घटीचा आकडा आभाळाला टेकतो.

आता ट्रान्सफर, म्हणजे अंडी सेटरच्या ट्रेमधून हॅचरच्या (पिल्लं बाहेर येतात त्या मशीनच्या) बास्केटमध्ये हलवणं. लॉट हरवतो तो इथेच. अंधाऱ्या खोलीत ट्रे कँडलिंगच्या दिव्यावर येतो. जिवंत अंडी काळीभोर दिसतात, वर हवेची पोकळी तेवढी उजळ, आणि मधेच एखादं अंडं कंदिलासारखं पिवळं. ते उचललं की खाच रिकामी. १५० च्या ट्रेमध्ये १३८ उरली की कामगाराचा हात आपसूक शेजारच्या ट्रेकडे जातो आणि बास्केट भरून टाकतो. शेजारचा ट्रे दुसऱ्या फार्मचा असला तर तिथून पुढची प्रत्येक नोंद खोटी. उपाय एकच: बास्केट अपुरीच जाऊ द्यायची. प्रत्येक लॉटला एका रंगाची प्लास्टिकची क्लिप, बास्केटच्या दांडीला. क्यूआरचे कागदी स्टिकर हॅचरच्या दमट हवेत आणि धुण्याच्या दाबात दोन फेऱ्याही टिकत नाहीत. लॅमिनेट केलेला टॅग नायलॉन टायने बांधला तरच तगतो. आणि नोंदीच्या नादात ट्रॉली बाहेर ताटकळत ठेवू नका. अर्ध्या तासात सगळी अंडी हॅचरमध्ये गेली पाहिजेत, स्कॅन नंतर झाला तरी चालेल.

साठवणीचे दिवस शीटने मोजावेत, माणसाने नाही. सात दिवसांपुढे उबवण घसरत जाते आणि साठवणीच्या प्रत्येक जादा दिवसामागे उबवणीचा काळ सुमारे तासभर लांबतो. तीन दिवसांची आणि दहा दिवसांची अंडी एकाच वेळी लावली तर पहिली पिल्लं हॅचरमध्ये वाळत बसतात आणि दुसऱ्यांच्या नाभी ओल्याच निघतात. शीट आता प्रत्येक लॉटपुढे लावायची वेळ दाखवते. जुनी अंडी आधी, ताजी नंतर.

लॉगरबद्दल थोडक्यात. मशीनचा पडदा हवेचं तापमान दाखवतो; अंड्याच्या कवचाचं तापमान १०० ते १०१ फॅरनहाइट हवं. ते कानाच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, अंड्याच्या मधल्या घेरावर घ्या, हवेच्या पोकळीवर नाही. लॉगर दाराजवळ टांगला तर तो दार उघडल्याचीच नोंद करत राहतो. ट्रॉलीच्या मध्यावर ठेवा. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत काय झालं हे त्यातच सापडतं.

शीटचे दोष गंभीर आहेत, पण आटोक्यात येतात. मराठी कीबोर्डवरून १२३ असे देवनागरी अंक टाकले की शीट त्यांना अक्षरं समजते आणि बेरजेत धरतच नाही. चूकही दाखवत नाही. फॉर्मच्या रकान्यांना फक्त संख्या घेण्याची अट घातल्यावर हे थांबलं. तारखेचंही तसंच, ०३/०७ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च हे फोनच्या किंवा शीटच्या सेटिंगवर ठरतं. लॉट क्रमांकात महिना अक्षरांतच लिहा. फोन दोन हवेत: एक अंड्यांच्या बाजूला, एक पिल्लं आणि धुण्याच्या बाजूला. एकच फोन दोन्हीकडे फिरवला तर जैवसुरक्षेवर पाणी पडतं.

पिल्लं काढल्यावर मोजणी तीन ठिकाणी होते: लस टोचण्याच्या यंत्राचा काउंटर, पेट्या आणि चलन. पेटीत २ टक्के जादा धरून १०२. वरच्या ३,९३६ मध्ये ३८ पेट्या भरतात, ६० पिल्लं उरतात. ती पुढच्या लॉटच्या पेटीत टाकली की लॉट पुन्हा तुटतो. या शेवटच्या पेटीला शीटमध्ये स्वतंत्र क्रमांक द्या आणि ती कुठल्या शेडला गेली ते लिहा. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसीचा बॅच क्रमांक आणि वितळवल्याची वेळही लॉटपुढेच लिहा, कारण मिसळलेली लस तासाभरात संपवायची असते. काउंटर आणि पेट्यांचा मेळ बसला नाही तर गाडी सोडू नका. बहुधा टोचणी चुकलेली पिल्लं सापडतात.

पुरवठ्याचं नियोजन उलटं मोजावं लागतं. २०२५ ची आषाढ अमावास्या २४ जुलैला होती. २२ जुलैला ४० दिवसांचा पक्षी उचलायचा तर पिल्लं १२ जूनला शेडवर आणि अंडी २२ मे रोजी सेटरमध्ये. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तीच अमावास्या १२ ऑगस्टला येते, म्हणजे १० ऑगस्टच्या उचलीसाठी अंडी १० जूनला. मागच्या वर्षाच्या तारखा चिकटवल्या तर माल १९ दिवस आधी तयार होतो आणि खाद्य खात बसतो. श्रावणासाठी सेटिंग कमी करायची तीही याच हिशेबाने, दोन महिने आधी. त्यामुळे शीटमध्ये पंचांगाचा रकाना ठेवला आहे आणि तो दरवर्षी हाताने भरावा लागतो.

गाडीचा लॉगर ड्रायव्हरच्या पाठीमागे नाही, मधल्या थराच्या पेटीत पिल्लांच्या उंचीवर ठेवायचा. तिथे ३२ अंशांच्या आसपास हवं. सगळ्यात कच्चा दुवा अजून सातव्या दिवसाचा आहे. शेडवरून मरतूक आणि वजन लॉटनिहाय यायला हवं, पण एका शेडमध्ये दोन लॉट उतरले की सुपरवायझर एकच आकडा पाठवतो. जिथे चिक गार्ड (पिल्लांभोवतीची गोल कुंपणं) वेगळे लावून पहिला आठवडा लॉट वेगळे ठेवले, तिथे मात्र हॅचरीतली ट्रॉली आणि शेडवरचं पिल्लू एका ओळीत वाचता येतं. सध्या अशा शेड थोड्याच आहेत, आणि पुढची सगळी खटपट त्या वाढवण्यासाठी चालू आहे.