एका ई-टाइपच्या मालकांचा माग: प्रमाणपत्र, सरकारी दफ्तर आणि विकतचा अहवाल

डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली १९६२ सालची जॅग्वार ई-टाइप कूपे मी घेतली, तेव्हा विकणाऱ्याने गाडीबरोबर एक जाडजूड फाइलही हाती ठेवली. फाइलच्या वजनाने मन सुखावले. पण कागद तारखेनुसार लावून पाहिले तेव्हा लक्षात आले, की त्यांतली बहुतेक बिले टायर, क्लच आणि रंगकामाची आहेत आणि सर्वांत जुना कागद १९८९ सालचा आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून पुढची सत्तावीस वर्षे ही गाडी कोणाकोणाकडे होती, याबद्दल फाइलमध्ये अवाक्षर नव्हते. ती पोकळी भरून काढण्यासाठी मी तीन सेवा वापरल्या: जॅग्वार डेम्लर हेरिटेज ट्रस्टचे प्रमाणपत्र, ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाचे दफ्तर आणि जुन्या गाड्यांचा इतिहास शोधून देणाऱ्या एका खासगी संशोधन संस्थेचा अहवाल. जुनी स्पोर्ट्स कार घेऊ पाहणाऱ्यांना किंवा घेऊन बसलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून या तिन्हींबद्दलचे माझे मत येथे मांडत आहे.

सुरुवात प्रमाणपत्रापासून करावी, हे मी निःशंकपणे सांगेन. कारखान्याने गाडी तयार करताना ज्या वह्यांत नोंदी केल्या, त्या वह्या या ट्रस्टकडे आहेत आणि प्रमाणपत्र म्हणजे त्या नोंदींचा अधिकृत उतारा. त्यात चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे मूळ क्रमांक असतात. गाडी तयार झाल्याची आणि कारखान्यातून रवाना झाल्याची अशा दोन वेगळ्या तारखा असतात. बाहेरचा रंग, आतल्या चामड्याचा रंग आणि गाडी कोणत्या वितरकाकडे धाडली त्याचे नाव असते. माझी गाडी आज लालभडक आहे. प्रमाणपत्रानुसार ती ‘ओपलसेंट गनमेटल’ म्हणजे चकाकी असलेल्या करड्या रंगाची होती, आतले चामडे लाल होते आणि ती न्यूयॉर्कच्या वितरकाकडे रवाना झाली होती. हा करडा रंग पुढे फार कामी आला. अर्ज करताना गाडी आपलीच असल्याचा पुरावा जोडावा लागतो आणि ते योग्यच आहे, कारण मूळ क्रमांकांची अशी यादी चुकीच्या हाती पडली तर तिच्या आधारे दुसरीच गाडी उभी करता येते.

मात्र या प्रमाणपत्राकडून काय अपेक्षावे, याबाबत खरेदीदारांत मोठा गैरसमज आढळतो. ट्रस्ट गाडी प्रत्यक्ष पाहत नाही. वहीत काय लिहिले आहे एवढेच सांगतो. वहीतला क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक जुळतो का, हे आपले आपणच वाकून, कंदील धरून पाहायचे असते. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग प्रमाणपत्र देण्यापूर्वी गाडीचे भाग प्रत्यक्ष तपासतो, त्यामुळे दोन्ही कागदांना ‘प्रमाणपत्र’च म्हणत असले, तरी त्यांचे काम एक नव्हे. दुसरी मर्यादा अशी, की परदेशी धाडलेल्या गाडीची नोंद बहुधा वितरकाच्या नावापाशी संपते. माझ्याही गाडीच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या पुढे अक्षर नव्हते, आणि ज्यासाठी मी हा खटाटोप आरंभला होता तो मालकांचा प्रवास नेमका तेथूनच सुरू होत होता.

क्रमांकांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ई-टाइपच्या बाबतीत ते फसवे ठरू शकतात. डाव्या स्टिअरिंगच्या पहिल्या ३.८ लिटर कूपेंचे चॅसी क्रमांक ८८५००१ पासून सुरू होतात. या गाडीला जुन्या अर्थाने चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. मधला सांगाडा पत्र्याचा एकसंध आहे आणि पुढे इंजिन पेलणारी नळ्यांची चौकट त्याला बोल्टांनी जोडलेली आहे. चॅसी क्रमांक ठोकलेला असतो तो या पुढच्या चौकटीवर. या नळ्या आतून गंजतात, पुढून धडक बसली तर वाकतात, आणि मग अख्खी चौकट बदलली जाते. त्यामुळे नव्या चौकटीवर नव्याने ठोकलेला क्रमांक दिसला, म्हणजे लबाडी झालीच असे नाही. पण तो कधी, कोणी आणि का ठोकला हे सांगणारे गॅरेजचे बिल नसेल, तर शंकेला जागा उरते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर आणि वरच्या हेडवर असा दोन ठिकाणी असतो. माझ्या गाडीचा ब्लॉक मूळचा आहे, हेड दुसऱ्या इंजिनाचे आहे. प्रमाणपत्र नसते, तर कोणते मूळचे आणि कोणते नंतरचे हे मला कळलेच नसते.

एवढ्यावरून कोणी गाडीला ‘खोटी’ म्हणेल, तर त्याला १९९० सालचा लंडनच्या न्यायालयातला बेंटलीचा खटला आठवून द्यावासा वाटतो. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता आणि गाडीत मूळचे फारसे काही उरलेलेच नाही, असे म्हणून खरेदीदाराने व्यवहार नाकारला होता. गाडीचे भाग वर्षानुवर्षे बदलत गेले होते, हे कोणी नाकारत नव्हते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ही गाडी ‘ओल्ड नंबर वन’च आहे असा निर्णय दिला, कारण तिचा प्रवास मध्ये कोठेही न तुटता मांडता येत होता आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती. भाग बदललेली गाडी अखंड इतिहासामुळे टिकते. त्यामुळे क्रमांकांइतकीच मालकांची साखळी महत्त्वाची ठरते, आणि ती साखळी कारखान्याच्या वहीत मिळत नाही.

दुसरी सेवा ब्रिटनच्या डीव्हीएलए या नोंदणी कार्यालयाची. गाडीविषयीची माहिती मागण्यासाठी त्यांचा व्ही८८८ हा अर्ज असतो आणि त्यात मागणीचे रास्त कारण द्यावे लागते. मला मिळालेल्या उताऱ्यात १९८९ नंतरचे, म्हणजे गाडी ब्रिटनमध्ये आल्यापासूनचे, हस्तांतरणाचे दिनांक स्पष्ट होते, नावे आणि पत्ते मात्र झाकलेले होते. खासगी माहितीचा कायदा पाहता यात तक्रारीला जागा नाही. उलट या दिनांकांमुळे फाइलमधली बिले कोणाच्या कारकिर्दीतली आहेत ते नीट लावता आले आणि तीन बिले चुकीच्या मालकाच्या खात्यावर मांडल्याचेही उघड झाले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ब्रिटनमध्ये व्ही५सी या कागदावर ज्याचे नाव असते तो ‘कीपर’, म्हणजे नोंदणीधारक असतो. हा कागद मालकीचा पुरावा नाही, असे त्याच कागदावर छापलेले असते. गाडी कंपनीची असेल, कर्जाऊ घेतलेली असेल किंवा वडिलांची असून मुलाच्या नावे नोंदलेली असेल, तर नोंदणीधारक आणि मालक वेगळे निघतात. इतिहास लिहिताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि तेथून घोटाळे सुरू होतात.

माझी गाडी ब्रिटनमध्येच विकली गेली असती, तर हा मार्ग अधिक फलदायी ठरला असता. १९७४ च्या ऑक्टोबरपर्यंत नव्या गाड्यांची नोंदणी स्थानिक परिषदांकडे होती. प्रत्येक गाडीला पुठ्ठ्याच्या बांधणीचे लॉगबुक असे आणि मालक बदलला की त्यात नवे नाव लिहून शिक्का मारला जाई. असे एक लॉगबुक हाती लागले, तर अर्धे काम तेथेच संपते. परिषदांच्या नोंदवह्यांपैकी बऱ्याच नष्ट झाल्या, वाचलेल्या जिल्हा अभिलेखागारांत किंवा किटहेड ट्रस्टसारख्या संस्थांकडे आहेत. बाहेरून आणलेल्या गाडीला मात्र तिच्या वयाला शोभेल असा जुन्या धाटणीचा क्रमांक नव्याने दिला जातो. तो पाहून गाडी साठच्या दशकापासून येथेच आहे असा समज होतो, आणि जाहिरातींत तो समज कोणी खोडून काढत नाही. या बाबतीत इटलीचा हेवा वाटतो. तेथील सार्वजनिक वाहन नोंदवही १९२७ पासून चालू आहे आणि तिच्या कालानुक्रमी उताऱ्यात मालकांची रांग एकाखाली एक मिळते.

आता तिसरी सेवा. पहिल्या दोन मार्गांनी १९६२ ते १९८९ हा काळ उलगडला नाही, म्हणून मी एका खासगी संशोधन संस्थेला काम दिले. नाव देत नाही, कारण मला संस्थेची बदनामी करायची नाही. अशा अहवालात काय पाहावे, एवढेच सांगायचे आहे. अहवाल चौदा पानांचा आला, बांधणी देखणी होती. त्यांतली नऊ पाने ई-टाइपच्या जन्मकथेची होती: १९६१ च्या मार्चमधले जिनिव्हाचे प्रदर्शन, कॉव्हेंट्रीहून जॅग्वारचे चाचणी चालक नॉर्मन ड्यूइस यांनी रातोरात तेथे चालवत नेलेली ‘७७ आरडब्ल्यू’ क्रमांकाची गाडी, वगैरे. ई-टाइप घेणाऱ्या माणसाला ही कथा तोंडपाठ असते. उरलेल्या पाच पानांतले मुख्य विधान असे, की गाडी १९६२ ते १९७६ पर्यंत न्यूयॉर्कमधील एकाच मालकाकडे होती. आधार म्हणून एका पूर्वीच्या विक्रेत्याच्या पत्रातले वाक्य दिले होते, आणि त्या विक्रेत्यानेही ते ऐकीव म्हणूनच लिहिलेले होते. ‘वितरक न्यूयॉर्कचा, म्हणून मालक न्यूयॉर्कचा’ एवढाच त्यामागचा तर्क असावा. वितरक म्हणजे घाऊक कोठार; तेथून गाडी कोठेही जाऊ शकते, हे त्या व्यवसायातल्या माणसाला मी सांगण्याची गरज पडू नये.

या विधानाला छेद देणारा पुरावा माझ्याच फाइलमध्ये होता आणि त्या संस्थेकडे त्याची प्रत मी स्वतः पाठवली होती. १९८९ चा तो सर्वांत जुना कागद म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ‘टायटल’ची, अर्थात तेथील मालकीपत्राची, फोटोकॉपी. त्यावर गाडीचा तेव्हाचा नोंदणी क्रमांक आहे: आधी तीन अक्षरे, मग तीन अंक. कॅलिफोर्नियात ही रचना १९६३ ते १९६९ या काळात दिलेल्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या क्रमांकांची. त्यानंतरच्या निळ्या पाट्यांवर अंक आधी आणि अक्षरे नंतर आली. तेथे पाटी गाडीबरोबर राहते. मालक बदलला म्हणून ती बदलत नाही. म्हणजे १९८९ च्या कागदावर त्या रचनेचा क्रमांक आहे, याचा अर्थ गाडी १९६९ संपण्यापूर्वीच कॅलिफोर्नियात नोंदली गेली होती. मग ती १९७६ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये एकाच माणसाकडे कशी असेल? त्याच कागदावर गाडीचे वर्ष १९६३ लिहिले आहे, त्यावरही अहवालात चकार शब्द नव्हता. अमेरिकेत पुष्कळदा गाडी तयार झाल्याचे नव्हे तर विकली गेल्याचे वर्ष मालकीपत्रावर चढत असे. तेव्हा गाडी काही महिने कोणाच्या तरी शोरूममध्ये उभी होती, एवढे तरी या आकड्यावरून सुचते.

अमेरिकेतील नोंदणी कार्यालये १९९४ च्या चालक गोपनीयता कायद्यामुळे जुन्या मालकांची नावे देत नाहीत. सतरा अक्षरांचा प्रमाणित क्रमांक १९८१ पासूनचा असल्याने, त्यावर चालणाऱ्या संगणकी इतिहास सेवाही या वयाच्या गाड्यांना निरुपयोगी आहेत. राहिले साधे टपाल. मालकीपत्रावरच्या मालकाच्या पत्त्याला मी पत्र घातले, सोबत गाडीचे छायाचित्र आणि ‘गाडी परत मागण्याचा किंवा काही विकण्याचा हेतू नाही’ असे एक वाक्य. सात आठवड्यांनी त्या गृहस्थांच्या कन्येचे उत्तर आले. वडिलांनी गाडी १९६८ साली एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून घेतली होती आणि १९८९ पर्यंत ती त्यांच्याचकडे होती. पत्रासोबत एक रंगीत छायाचित्र होते. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे छपाईचा महिना, जुलै ६८, उमटलेला. काळी पाटी, तोच क्रमांक आणि गाडीचा रंग करडा. प्रमाणपत्रातला रंग तेव्हा खरा उपयोगी पडला.

हा शोध केवळ हौसेचा आहे असे कोणी समजू नये. २००१ साली अमेरिकेत मिलवॉकीतून चोरीस गेलेली ताल्बो-लागो ही जुनी फ्रेंच गाडी पुढे नव्या खरेदीदाराकडे सापडली आणि पूर्वीच्या मालकाच्या वारसाचा दावा चालू शकतो, असे तेथील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. साखळीत कडी गहाळ असेल, तर ती का गहाळ आहे हे विचारण्याचा खरेदीदाराला पूर्ण अधिकार आहे. माझ्या गाडीची १९६२ ते १९६८ ही कडी अजून गहाळ आहे आणि फाइलच्या पहिल्या पानावर मी ती तशीच, रिकामी दाखवली आहे.

खर्च आणि लाभ यांचा विचार करता प्रमाणपत्र प्रत्येकाने घ्यावे, नोंदणी कार्यालयाचा उतारा ब्रिटनमध्ये नोंदलेल्या गाडीसाठी अवश्य मागवावा, आणि खासगी अहवाल मागवण्यापूर्वी त्या संस्थेचा एखादा जुना अहवाल पाहून घ्यावा: प्रत्येक विधानाखाली कागदाचा उल्लेख आहे का, आणि ‘माहिती मिळाली नाही’ असे वाक्य त्यात एकदा तरी येते का. मी पाटीचा मुद्दा आणि छायाचित्र पाठवल्यावर त्या संस्थेने दिलगिरी व्यक्त करून सुधारित प्रत विनामूल्य पाठवली. अकराव्या पानावरचे न्यूयॉर्कचे विधान त्यांनी काढले आहे; तेराव्या पानावरच्या सारांशात ते अजून आहे.