बॅटरीला हातही न लावता ७२ हजार घेतले

इलेक्ट्रिक गाडी अडखळायला लागली की मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण पहिली शंका बॅटरीवरच जाते. या भीतीवर पुण्यात काही जणांनी धंदा मांडला आहे. माझ्या वडिलांकडून असेच ७२ हजार उकळले, म्हणून सविस्तर लिहितोय.

सिग्नलवरून निघताना गाडी व्यवस्थित उचलायची. ॲक्सिलरेटरचं पेडल अर्ध्याच्या आसपास गेलं की मात्र क्षणभर ओढच जायची आणि मग झटका देऊन पळायची. शहरात हे खपून जातं. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना, मागे भरलेले ट्रक असताना, नाही खपत. आई तर त्या रस्त्याने गाडीत बसायलाच तयार नव्हती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची तारीख लांबची मिळाली. दरम्यान चार्जिंग स्टेशनवर एकाने बाबांशी गप्पा काढल्या. "काका, कंपनीत गेलात तर आख्खी बॅटरी गळ्यात मारतील, पाच-सहा लाखांना बसेल. आमच्याकडे दोन-चार सेलवर काम भागतं," असं म्हणून कार्ड हातात ठेवलं. गॅरेजमध्ये स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीची तपासणी करायच्या जोडणीला, छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं आणि मोबाइलच्या ॲपवर सेलचे, म्हणजे मोठी बॅटरी ज्या छोट्या बॅटऱ्या जोडून बनते त्यांचे, उभे पट्टे दाखवले. त्यातले दोन लालभडक. "हे दोन गेले, काका." बाबांनी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, हे फार बरं झालं.

संध्याकाळी गाडी परत मिळाली. साध्या कागदावर लिहिलं होतं, 'बॅटरी ओपन, २ सेल बदली, बीएमएस प्रोग्रॅमिंग' (बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा). जीएसटी नंबर नाही. जुने सेल मागितले तर "ते स्क्रॅपला जातात". गाडी खरंच सुधारली होती, पण पहिला मोठा पाऊस पडेपर्यंतच.

मग ती सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तंत्रज्ञाने बाबांचा फोटो मोठा करून आकडे वाचले. सर्वांत वरचा सेल ३.६९४ व्होल्ट, सर्वांत खालचा ३.६८६. फरक अवघा ८ मिलिव्होल्टचा, म्हणजे दोन सेल गेल्याची काही खूणच नाही. पट्टा कोणत्या आकड्याला लाल करायचा हे त्या ॲपमध्ये वापरणाऱ्यालाच ठरवता येतं. नंतर गाडी लिफ्टवर घेतली. बॅटरी पॅकच्या बोल्टांवर कारखान्यात पिवळ्या रंगाची रेघ मारलेली आहे, बोल्टच्या डोक्यावरून थेट पॅकच्या पत्र्यापर्यंत. बोल्ट जरासा फिरला तरी ती रेघ तुटते. एकही तुटलेली नव्हती. त्यावर जुना चिखल वाळून तसाच धरलेला. आणि शेकडो किलोचा तो पॅक खाली उतरवल्याशिवाय सेल बदलताच येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबांनी त्या कागदाची घडी घातली आणि काही बोलले नाहीत. ते बघून फार संताप आला.

दोष निघाला पेडलमध्ये. त्यात दोन सेन्सर असतात आणि दोन्ही एकाच वेळी आपापला व्होल्टेज कंट्रोलरला, म्हणजे मोटरची ताकद ठरवणाऱ्या संगणकाला, कळवतात. दोघांचा मेळ बसला नाही की कंट्रोलर ताकद रोखून धरतो. गाडी आपोआप सुसाट सुटू नये म्हणूनच ही सोय आहे. स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला पी२१३८, तो याच विसंगतीचा. पेडलचं सॉकेट काढलं तर एका पिनेवर हिरवट गंज. पावसात ओल्या चपला, भिजलेलं मॅट, तिथे दमटपणा राहतोच. गॅरेजवाल्याने सॉकेट ओढून परत बसवलं असणार आणि कोड पुसले असणार. पिन घासली गेली म्हणून तेवढ्यापुरता फरक पडला. नवं पेडल, पिनेची दुरुस्ती आणि मजुरी मिळून ९ हजारांच्या आत काम झालं, तेही पक्क्या बिलावर.

बॅटरी खरोखर दमली असेल तर त्रास चार्ज कमी असताना, लांब चढावर वाढतो. चार्ज ८० टक्के असो की ३०, पेडलच्या त्याच टप्प्यावर अडखळत असेल तर आधी पेडल तपासायला सांगा. डॅशबोर्डवर इशाऱ्याचे खूप दिवे एकदम लागत असतील तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. कोड पुसण्याआधी त्यांचा रिपोर्ट घ्या, आणि सेल बदलल्याचं कोणी म्हटलं तर आधीचे व नंतरचे आकडे आणि काढलेले सेल मागा. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. बाहेर पॅक उघडला तर ती धोक्यात येते, आणि आतला व्होल्टेज बऱ्याच गाड्यांत तीनशेच्या वर असतो, जीवघेणा.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बाबांचा फोटो, तो साधा कागद, यूपीआयची नोंद आणि सेंटरचा लेखी अहवाल जोडतोय. तुमच्याकडे पक्कं बिल नसलं तरी मागे हटू नका, यूपीआयची नोंदही पैसे दिल्याचा पुरावा म्हणून मांडता येते.